फुटपाथ असताना लोक रस्त्यावरून का चालतात?

गाडी चालवणाऱ्या कुणालाही हा प्रश्न विचारा, उत्तर ठरलेलं असतं : लोकांना शिस्त नाही. महापालिकेने एवढा फुटपाथ बांधून दिलाय, तरी चालणार रस्त्यावरूनच. आता याच गृहस्थांना गाडी लावून दोन चौक पलीकडच्या बँकेत पायी जायला सांगा. थोड्याच वेळात तेही फुटपाथवरून खाली उतरलेले दिसतील. माणूस तोच, संस्कार तेच, आणि पाच मिनिटांत बेशिस्त व्हावं असं काही घडलेलंही नाही. तेव्हा कारण माणसाच्या स्वभावात शोधण्यापेक्षा त्याच्या पायाखाली शोधलेलं बरं.

पायाखाली पहिली भेटते ती उंची. आपल्याकडे रस्ते कसे बांधावेत याची मानकं इंडियन रोड्स काँग्रेस ठरवते. नावात काँग्रेस असली तरी ही १९३४ पासूनची रस्ते-अभियंत्यांची संस्था आहे, राजकारणाशी तिचा संबंध नाही. पादचाऱ्यांच्या सोयींबद्दलची तिची मार्गदर्शक पुस्तिका २०१२ मध्ये नव्याने निघाली. तिच्यात म्हटलंय की फुटपाथ रस्त्यापासून १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण जिन्याच्या एका पायरीपेक्षा, उंच नसावा. आपल्या शहरांतले कित्येक फुटपाथ मात्र याच्या दीडपट-दुप्पट उंच असतात. कधी खाली पावसाळी गटार असतं म्हणून, तर कधी दुचाक्या वर चढू नयेत म्हणून मुद्दाम. दुचाक्या काही त्याने थांबत नाहीत, गेटपाशी केलेल्या उतारावरून त्या सहज वर येतात. गुडघे दुखणाऱ्या आजी मात्र थांबतात.

ही उंची एकदाच चढायची असती तर कुणी कुरकुर केली नसती. खरा त्रास पुढे आहे. प्रत्येक सोसायटीच्या, बंगल्याच्या, दुकानाच्या गेटपाशी फुटपाथ तुटतो. गाडी आत जाताना तिला चढ लागू नये म्हणून तेवढा तुकडा रस्त्याच्या पातळीला आणलेला असतो. समजा, दर २५ मीटरवर एक गेट आहे आणि फुटपाथ २५ सेंटीमीटर उंच आहे. जुन्या वस्तीत ही काही अतिशयोक्ती नव्हे. मग किलोमीटरभरात ४० गेटं आली. ४० वेळा उतरायचं आणि ४० वेळा चढायचं. चढाची बेरीज १० मीटर होते, म्हणजे सपाट रस्त्याने भाजी आणायला निघालेला माणूस वाटेत तीन मजले चढून जातो. मोटारीला दर २५ मीटरवर गतिरोधक घातले असते तर दुसऱ्या दिवशी मोर्चा निघाला असता.

याचा उपाय अवघड नाही. मानकंही तेच सांगतात : गेटपाशी फुटपाथची पातळी तशीच ठेवायची आणि गाडीने लहानसा चढ चढून, फुटपाथ ओलांडून आत जायचं. त्याने काटकोनात वळणाऱ्या गाडीचा वेगही आपोआप कमी होतो. पण मग कुणी कुणासाठी थांबायचं हा प्रश्न येतो, आणि आपल्याकडे त्याचं उत्तर रस्ता बांधतानाच देऊन टाकलेलं असतं.

आता रुंदी. त्याच पुस्तिकेप्रमाणे निवासी भागात किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, बाजारपेठेत अडीच मीटर. इथे ‘मोकळी’ हा शब्द महत्त्वाचा. फुटपाथचे तीन पट्टे कल्पिलेले आहेत : इमारतीलगतचा, मधला चालण्याचा आणि रस्त्यालगतचा. झाडं, दिव्याचे खांब, बाक, कचरापेट्या या सगळ्यांनी रस्त्यालगतच्या पट्ट्यात राहायचं; १.८ मीटर मोजायचे ते मधल्या पट्ट्याचे. १.८ मीटर कशासाठी? दोन व्हीलचेअर एकमेकींना न अडता जाव्यात म्हणून. शिवाय माणूस भिंतीला खांदा घासून चालत नाही, वीतभर तरी अंतर राखतो. रस्त्याकडच्या काठावरूनही चालत नाही, तोल जाईल असं वाटतं. म्हणून कागदावर दीड मीटरचा फुटपाथ पायाला मीटरभरही मिळत नाही.

प्रत्यक्षात तिन्ही पट्टे एकातच असतात. मधोमध झाड, झाडाला कठडा, पुढे विजेची डीपी, तिच्या दारात वाळत घातलेली चादर, मग रस्त्याकडे पाठ केलेला बसथांबा, मग केबलचं वेटोळं, मग नव्या सदनिकांची जाहिरात करणारा फलक, नेमका कपाळाच्या उंचीवर. दृष्टिहीनांसाठी लावलेली पिवळी उंचवट्याची फरशी थेट खांबाला जाऊन भिडलेली मी पाहिली आहे. तुम्हीही पाहिली असेल.

या अडथळ्यांमध्ये एक गंमत आहे. अतिक्रमण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हातगाडी येते, कारण ती उचलता येते. डीपी, पोलीस चौकी, सरकारी योजनेचा स्टॉल हे कुणी उचलत नाही. पथारीवाल्यांचा प्रश्न तर त्याहून गुंतागुंतीचा. मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात, म्हणजे ओल्गा टेलिस खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्काचा भाग मानला. आणि त्याच निकालात फुटपाथ ही लोकांच्या ये-जा करण्याची जागा आहे, तिथे कायमचं बस्तान मांडण्याचा हक्क कुणाला नाही, असंही सांगितलं. पुढे २०१४ मध्ये पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र कायदा आला आणि विक्रीच्या जागा ठरवून देणं स्थानिक संस्थांवर आलं. माझं मत विचाराल तर फेरीवाला पादचाऱ्याचा शत्रू नव्हे. चालणारे असतात म्हणूनच तो तिथे बसतो, आणि रात्री नऊ वाजता एकट्या मुलीला ज्या रस्त्याने जावंसं वाटतं तो बहुधा कणीसवाल्याचा आणि इस्त्रीवाल्याचा रस्ता असतो. त्याला रस्त्यालगतच्या पट्ट्यात जागा दिली की मधली वाट मोकळी राहते. अडचण होते ती जागा ठरवलेली नसल्यामुळे.

आता या साऱ्यातला कळीचा मुद्दा. समजा, किलोमीटरभर फुटपाथपैकी ९०० मीटर अगदी उत्तम आहे, फक्त दर ५० मीटरवर पाच-पाच मीटरचा अडथळा आहे. महापालिकेच्या हिशेबात हा ९० टक्के चांगला फुटपाथ झाला. मग लोकांनी किमान ९० टक्के अंतर त्यावरून चालायला हवं की नको? तसं होत नाही. पहिल्या अडथळ्यापाशी माणूस खाली उतरतो. अडथळा संपल्यावर परत वर जावं, तर मध्ये उभ्या केलेल्या गाड्यांची रांग असते, दोन स्कूटरींच्या मधून अंग चोरून जावं लागतं, कुठे लोखंडी कठडा आडवा येतो, आणि वर चढलं तरी ४५ मीटरवर पुढचा अडथळा दिसतच असतो. तो कशाला चढेल? तो खालीच राहतो, घरापर्यंत. पुढच्या वेळी तर तो मुळात वर चढतच नाही. ९० टक्के चांगल्या फुटपाथचा वापर त्यामुळे शून्याच्या जवळ येऊ शकतो. मग कुणीतरी तो रिकामा फुटपाथ दाखवून म्हणतं, बघा, बांधून दिला तरी लोक वापरत नाहीत. ती रिकामी जागा पाहून तिथे चार दुचाक्या लागतात, आणि उरलेले चालणारेही खाली येतात.

फुटपाथची खरी रुंदी म्हणजे त्याच्या सर्वांत अरुंद जागेची रुंदी, आणि त्याची खरी लांबी म्हणजे न उतरता जितकं चालता येतं तितकी.

उतरण्याचं आणखी एक कारण डोळ्यांना चटकन दिसत नाही. चालताना आपण पाय फार उचलत नाही. पाऊल पुढे जाताना बोटांचं टोक जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटीमीटर वरून जातं, असं चालण्याच्या अभ्यासातून दिसलं आहे. शरीर शक्ती वाचवतं, गरजेपेक्षा जास्त उचलत नाही. म्हणून बोटभर वर आलेली फरशी पुरते ठेच लागायला. म्हातारपणी पाय आणखी कमी उचलला जातो आणि ठेचेनंतर सावरायलाही वेळ लागतो, त्यामुळे वयस्कर माणसं खाली मान घालून चालतात किंवा सरळ डांबरावर येतात. डांबरी रस्त्यावर खड्डे असतात हे खरं, पण खड्डा दुरून दिसतो. एक सेंटीमीटर वर आलेला पेव्हर ब्लॉक दिसत नाही.

हे ब्लॉक वर येतात तरी कसे? सिमेंटचे एकमेकांत अडकणारे ठोकळे वाळूच्या पातळ थरावर बसवलेले असतात. त्यांचा मूळ गुण असा की खालची जलवाहिनी किंवा केबल दुरुस्त करायची असेल तर ते उचलायचे, काम करायचं आणि पुन्हा बसवायचे. कल्पना चांगली. पण त्यासाठी खालची भर नीट दाबायला हवी, वाळू समपातळीत आणायला हवी आणि कडेला ठोकळे सरकू नयेत म्हणून भक्कम कडा हवी. खोदाई करणारा ठेकेदार एक, ठोकळे बसवणारा दुसरा, आणि जूनच्या पहिल्या पावसात वाळू वाहून जाते. एक ठोकळा खचतो, शेजारचा तिरपा होतो, त्यावर पाय पडला की खालचं पाणी पिचकारीसारखं पायजम्यावर. जिथे फुटपाथ गटारावरच आहे तिथे ढापे असतात. एखादा तुटलेला, एखादा गायब, आणि त्या जागी नागरिकांनी खोचलेली फांदी.

अंधाराचंही तसंच. दिव्याचा खांब फुटपाथवर, पण त्याचा हात रस्त्याकडे झुकलेला, कारण प्रकाश वाहनांसाठी हिशेबात धरलेला असतो. दिवा झाडांच्या शेंड्यांच्या वर, आणि फुटपाथ झाडांच्या घेराखाली. संध्याकाळी सातनंतर डांबर उजळलेलं आणि पदपथ काळोखात, अशी स्थिती होते. ज्या फुटपाथच्या भिंतीचा वापर पुरुष मुतारीसारखा करतात आणि जिथे उभ्या मोटारींच्या आडोशाला कोण आहे ते दिसत नाही, तिथून बायकांनी जावं असं म्हणणाऱ्याने एकदा स्वतः जाऊन यावं. उजेडातून, चार लोकांच्या नजरेतून चालण्यात त्यांना जास्त सुरक्षित वाटतं, आणि त्यात चूक काही नाही.

पळणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली, पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची. आता सातारा-कोल्हापूरपासून छत्रपती संभाजीनगर-नागपूरपर्यंत पहाटे पाचला टी-शर्ट घातलेले गट रस्त्यावर दिसतात, फुटपाथवर क्वचितच. ताशी १० किलोमीटर वेगाने पळणारा माणूस सेकंदाला पावणेतीन मीटर जातो, पाऊल साधारण मीटरभर पडतं, आणि मधल्या क्षणी दोन्ही पाय हवेत असतात. प्रत्येक पाऊल टेकताना जमिनीवर वजनाच्या दोन ते तीन पट जोर येतो. १० किलोमीटरमध्ये असं दहा हजार वेळा. त्यातलं एक पाऊल जरी हलत्या ठोकळ्यावर पडलं तरी घोटा सहा आठवडे घरी बसवतो. चालणारा थबकू शकतो. पळणाऱ्याला पुढचं पाऊल कुठे पडणार हे आधीच ठरवावं लागतं. दर २५ मीटरवर उतार-चढ आला की लय जाते. शिवाय त्या वेळी फुटपाथवर माणसं झोपलेली असतात, कुत्री झोपलेली असतात, आणि कुत्र्याला झोपेतून उठवणारा पळणारा माणूस फारसा आवडत नाही.

पळणारे आणखी एक कारण देतात : डांबर सिमेंटपेक्षा मऊ, गुडघ्यांना बरं. यात तथ्य किती? डांबर काँक्रीटपेक्षा कमी ताठ असतं हे बरोबर. पण बुटाचा तळवा या दोन्हींपेक्षा इतका जास्त दबतो की त्यापुढे हा फरक फार मोठा राहत नाही. डॅनियल फेरिस आणि क्लेअर फार्ली यांनी सहकाऱ्यासह १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसलं की पृष्ठभाग मऊ असला तर पळणारा आपला पाय आपोआप जास्त ताठ ठेवतो आणि कडक असला तर कमी. शरीराची एकूण हालचाल जवळपास तशीच राहते. तेव्हा गुडघ्यांचं निमित्त थोडं कच्चं आहे. सलग आणि सपाट असणं हेच डांबराचं खरं आकर्षण. ते रस्त्याच्या मधोमध पळतात यालाही कारण आहे : पाणी निघून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडांकडे उतरता केलेला असतो. कडेने पळताना एक पाय सतत किंचित खाली पडतो. मध्यावर दोन्ही सारखे.

म्हणजे रस्त्यावर उतरण्याचा निर्णय प्रत्येकाच्या दृष्टीने शहाणपणाचाच असतो. फुटपाथचा त्रास पावलागणिक आणि हमखास. रस्त्यावरचा धोका मोठा, पण आज, आत्ता, या फेरीत काही व्हायची शक्यता अगदी थोडी. रोजच्या अनुभवात रस्ता जिंकतो. पण कोट्यवधी लोक रोज हाच हिशेब करतात तेव्हा बेरीज वेगळी येते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली; त्यांत ३२,८२५ पादचारी होते. पाचांत एक. यांतले बरेच जण रस्ता ओलांडताना गेले असतील, सगळ्यांचं खापर फुटपाथवर फोडता येणार नाही. पण वाहनांच्या वेगात रोज कितीतरी माणसांना चालावं लागतं, त्याची किंमत या आकड्यात आहेच.

यावर आपल्याकडचा आवडता तोडगा म्हणजे पादचाऱ्याला वर किंवा खाली पाठवणं. पादचारी पूल, भुयारी मार्ग, स्कायवॉक. रस्त्यावरून उंच गाड्या जाव्यात म्हणून पुलाखाली साडेपाच मीटर उंची सोडतात. पुलाची जाडी धरली तर ४० पायऱ्या होतात. समोर दिसणाऱ्या दुकानात जाण्यासाठी ४० चढून ४० उतरायला कुणी तयार नसतं, म्हणून दुभाजकातली फट शोधली जाते. मुंबईत बांद्रा पूर्वेला २००८ मध्ये स्कायवॉक सुरू झाला आणि मग त्यांची मालिकाच लागली. यांतले जे रेल्वे स्थानकाच्या पुलाला थेट जोडलेले आहेत त्यांवर निदान गर्दीच्या वेळी वर्दळ असते, कारण स्थानकात माणूस आधीच वर चढलेला असतो. ज्यांवर नव्याने चढून जावं लागतं ते ओस पडतात.

आपल्या लोकांना फुटपाथवर चालायची सवयच नाही, हे म्हणणंही टिकत नाही. मुंबईत दादाभाई नौरोजी रस्त्यावर जुन्या इमारतींच्या तळमजल्यांना कमानींचे सलग व्हरांडे आहेत. वर छप्पर, खाली सपाट फरशी, उन्हापावसात आडोसा. आणि फेरीवाल्यांसकट गर्दी. मरिन ड्राइव्हच्या समुद्राकडच्या साडेतीन किलोमीटरच्या कडेने कुणी रस्त्यावर उतरून चालताना दिसणार नाही, पळणारेसुद्धा नाही. तिथे एकही गेट नाही. पुण्यात जंगली महाराज रस्ता, जो खड्डे पडत नाहीत म्हणून पुणेकरांच्या अभिमानाचा विषय आहे, त्याचे फुटपाथ गेल्या दशकात रुंद केले, बाक टाकले, मुलांना खेळायला जागा ठेवली, आणि लोक तिथे बसायला म्हणूनही जाऊ लागले. बंगळुरूत टेंडरशुअर योजनेतल्या रस्त्यांवर केबल आणि वाहिन्यांसाठी फुटपाथखाली आधीच नळ्या टाकून ठेवल्या, म्हणजे पुन्हा पुन्हा खोदायला नको. चेन्नईत पाँडी बझारचा फुटपाथ २०१९ मध्ये नव्याने खुला झाला. चांगली वाट मिळाली की माणसं फुटपाथ सोडत नाहीत, हे या सगळ्या ठिकाणी दिसतं.

पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं, २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन होतो. दिन होतो हे चांगलंच. १२ डिसेंबरला काय होतं ते पुणेकर जाणतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्यायोग्य, अडथळामुक्त फुटपाथ हा घटनेच्या २१ व्या कलमातला, जगण्याचा हक्क असल्याचं सांगून राज्यांना त्यासाठी मार्गदर्शक सूचना करायला सांगितलं. फुटपाथवर वाहन चालवायला तर १९८९ च्या नियमावलीपासूनच मनाई आहे. कायद्याची कमतरता नाही.

हे कायदे पायाखाली दिसेपर्यंत रस्त्यावरून चालायची किंवा पळायची वेळ आलीच तर उजव्या बाजूने जा, म्हणजे जवळून जाणारं वाहन समोरून येतं आणि दिसतं. डाव्या बाजूने चालणाऱ्याच्या पाठीमागून ते येतं. पहाटे पळणाऱ्यांनी उजळ किंवा प्रकाश परावर्तित करणारे कपडे घालावेत आणि निदान एक कान मोकळा ठेवावा. आणि प्रभाग कार्यालयात तक्रार देताना ‘फुटपाथ खराब आहे’ एवढंच लिहू नका, त्यावर काहीच होत नाही. घरापासून बसथांब्यापर्यंत चालत जा, न उतरता किती अंतर गेलात ते लिहा, कुठल्या गेटपाशी, कुठल्या डीपीपाशी उतरावं लागलं त्याचे फोटो लावा, टेप धरून मोकळी रुंदी मोजा आणि १.८ मीटरच्या मानकाचा उल्लेख करा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.